पंधरा दिवसांच्या आकड्यांवर किती विसंबायचं: फँटसी बेसबॉलच्या तक्त्याच्या प्रकल्प नोंदी

७ डिसेंबर २०२५

वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, संपून महिना झाला. आता तक्त्याला हात घालतो.

फँटसी बेसबॉल म्हणजे खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करायचे आणि त्यांच्या खऱ्या आकड्यांवर गुण मिळवायचे. आमची लीग बारा संघांची, मध्य न्यू जर्सीतल्या ओळखीच्या मराठी घरांची. प्रकार जुनाच, रोटिसरीचा. बॅटिंगचे पाच रकाने: धावा, होमरन (चेंडू थेट कुंपणापलीकडे), आरबीआय (आपल्या बॅटिंगमुळे निघालेल्या धावा), स्टोलन बेस (पळून चोरलेले बेस) आणि सरासरी (हिटचं, म्हणजे फटक्यावर बेस गाठण्याचं प्रमाण). पिचिंगचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचे, पाच: विजय, सेव्ह (शेवटी उतरून आघाडी टिकवणं), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद), ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यातल्या धावा) आणि व्हिप (इनिंगमागे किती जणांना बेस गाठू दिला). १९८० साली काही मित्रांनी मॅनहॅटनमधल्या एका फ्रेंच रेस्टॉरंटात बसून हा खेळ मांडला आणि त्या रेस्टॉरंटचं नाव खेळाला चिकटलं ते कायमचं.

गेल्या हंगामात दर रविवारी रात्री मी सगळ्यांना एक तक्ता पाठवायचो. गेल्या पंधरा दिवसांत कोण कसा खेळला, वरून खाली क्रमाने. लोक तो बघून खेळाडू घ्यायचे, सोडायचे. मेच्या शेवटी हुआन सोटो त्यात पार तळाशी गेला होता. न्यू यॉर्कच्या मेट्सनी पंधरा वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर मोजून आणलेला खेळाडू, आणि सरासरी .२३० च्या आसपास. काकांचं लीगमधलं ते पहिलंच वर्ष. आयुष्यभर क्रिकेट बघितलेले, बेसबॉल नुकतं कळायला लागलेलं, त्यामुळे माझा तक्ता ते प्रमाण मानायचे. त्यांनी सोटोला सोडून दिलं. जूनमध्ये त्याने ११ होमरन ठोकले आणि नॅशनल लीगचा महिन्याचा खेळाडू ठरला. हंगामअखेर ४३ होमरन आणि ३८ स्टोलन बेस. काका मला एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं.

काकांनी सोडलेल्या सोटोला वहिनींनी त्याच रात्री उचललं होतं. त्या मेट्सचा एकही सामना चुकवत नाहीत. मे महिन्यातच मला म्हणाल्या होत्या, "भाऊजी, चेंडू जोरात जातोय हो त्याचा. माणसं नेमकी तिथेच उभी असतात." मी हो म्हणालो आणि पुढच्या रविवारी तोच तक्ता पाठवला. त्यांनी जे बघितलं होतं, त्यासाठी माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता.

या हिवाळ्यातलं काम तेवढंच: खेळाडूच्या अलीकडच्या कामगिरीत खरं किती आणि योगायोग किती, हे वेगळं करून दाखवणारा तक्ता. मार्चमधल्या ड्राफ्टच्या, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या, आधी तयार हवा.

१३ डिसेंबर

कोड लिहायच्या आधी कागद-पेन घेऊन बसलो.

समजा एखादा बॅटर खरोखरच .२७० चा आहे. पंधरा दिवसांत त्याला साधारण ५० ॲट-बॅट (सरासरीत धरल्या जाणाऱ्या बॅटिंगच्या संधी) मिळतात. कौशल्यात काडीचाही फरक पडला नाही, तरी निव्वळ नशिबाने त्याची सरासरी किती हलेल? .२७ गुणिले .७३, भागिले ५०, त्याचं वर्गमूळ: .०६३. म्हणजे तीनपैकी दोन पंधरवडे तो .२०७ ते .३३३ च्या मध्ये कुठेही असेल. उरलेल्या एका पंधरवड्यात त्याच्याही बाहेर.

आता हे लीगवर मांडू. बारा संघ, प्रत्येकी चौदा बॅटर, एकूण १६८. सगळेच्या सगळे .२७० चे मानले, तरी कुठल्याही रविवारी त्यातले सव्वीस-सत्तावीस जण .३३३ च्या वर दिसणार आणि तितकेच .२०७ च्या खाली. माझ्या तक्त्याच्या वरच्या पंचवीस ओळी आणि खालच्या पंचवीस ओळी! मी वर्षभर लोकांना हेच पाठवत होतो.

अख्ख्या हंगामाचे ६०० ॲट-बॅट धरले तरी हा हेलकावा .०१८ चा राहतो. म्हणजे .२५२ आणि .२८८ हे एकाच माणसाचे दोन हंगाम असू शकतात.

आज एवढंच. जेवताना घरात कोणाशी फारसं बोललो नाही.

२१ डिसेंबर

शितावरून भाताची परीक्षा करतात, कारण तिथे सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. बॅटरच्या बाबतीत प्रश्न असा की शीत कुठलं उचलायचं? सरासरीचं शीत पंधरा दिवसांत काहीच सांगत नाही. दुसरी शितं सांगतात.

बेसबॉलचे आकडे अभ्यासणाऱ्या रसेल कार्लटन यांनी यावर बरंच काम करून ठेवलंय: कुठला आकडा किती संधींनंतर निम्मा खरा आणि निम्मा योगायोग या टप्प्यावर येतो. बॅटरचं स्ट्राइकआउटचं प्रमाण सुमारे ६० प्लेट अपिअरन्समध्ये (वॉक धरून बॅटिंगच्या सगळ्या संधी) तिथे पोचतं. वॉकचं, म्हणजे झोनबाहेरच्या चार चेंडूंवर मिळणाऱ्या फुकट बेसचं, १२० मध्ये. होमरनचं १७० च्या आसपास. बॅटिंग सरासरीला ९१० ॲट-बॅट लागतात, म्हणजे दीड हंगामाहूनही जास्त!

हेच मी वजन म्हणून वापरणार. पंधरवड्यातल्या संधी भागिले पंधरवड्यातल्या संधी अधिक तो टप्पा. एक उदाहरण हाताने करून बघितलं. .२७० चा बॅटर, ५० ॲट-बॅटमध्ये .४०० मारतोय. ५० भागिले ९६०, म्हणजे ५ टक्के वजन. नवा अंदाज .२७७. एवढा धुमाकूळ घातला आणि मिळाले सात पॉइंट, म्हणजे .००७.

आता त्याच बॅटरचं स्ट्राइकआउटचं प्रमाण बघू. एरवी २२ टक्के, या ५५ प्लेट अपिअरन्समध्ये ३२ टक्के. वजन ५५ भागिले ११५, जवळजवळ ४८ टक्के. नवा अंदाज २६.८. इथे मात्र दखल घ्यावी लागते, कारण जे बिघडलंय त्यातलं निम्मं खरं असण्याची शक्यता आहे.

म्हणजे एकाच माणसाच्या एकाच पंधरवड्यात एक आकडा ओरडतोय आणि त्याला काही अर्थ नाही, दुसरा हळू आवाजात बोलतोय आणि त्याचं ऐकायला हवं. जुन्या तक्त्यात फक्त ओरडणारे होते.

२८ डिसेंबर

अख्खा रविवार दोन मॅक्स मन्सींमध्ये गेला.

एक डॉजर्सचा, दुसरा ॲथलेटिक्सचा. दोघांचाही वाढदिवस २५ ऑगस्ट, एकाचं साल १९९०, दुसऱ्याचं २००२. दोघांनाही ड्राफ्टमध्ये निवडलं ते ॲथलेटिक्सनीच. २०२५ मध्ये दुसरा मोठ्या लीगमध्ये आला आणि माझ्या कोडने दोघांना एकच माणूस समजून त्यांच्या संधींची बेरीज केली. नाव आणि जन्मदिवस जुळवला की झालं, असं मी धरून चाललो होतो.

नाव जुळवणं आता पूर्ण बंद. मेजर लीगचा खेळाडू क्रमांक हीच ओळख. त्यामुळे अकुन्या आणि रामिरेझ यांच्या नावांतल्या अक्षरांवरच्या खुणांनी होणारा घोळही मिटला.

डॉजर्सच्या मन्सीची नोंद वेगळी करून ठेवतोय. एप्रिल संपता संपता त्याचा हंगामातला पहिला होमरन आला. त्याच सुमारास तो चष्मा लावून खेळायला लागला, आणि मेमध्ये बॅट चालू लागली. हे कुठल्याही आकड्यात नाही. तक्त्यात 'काय बदललं' असा एक मोकळा रकाना हवा, हाताने भरायचा.

४ जानेवारी २०२६

२०२५ चा हंगाम दिवसागणिक पुन्हा चालवतोय. अट एकच: १५ मेचा अंदाज काढताना प्रोग्रामला १५ मेपर्यंतचंच दिसलं पाहिजे.

पहिल्याच फेरीत निकाल इतके सुंदर आले की शंका आली. सोटो वर येणार हे तक्त्याला मेमध्येच कळलेलं! शोधल्यावर सापडलं: खेळाडूची 'नेहमीची पातळी' म्हणून मी २०२५ चे पूर्ण हंगामाचे आकडे घेत होतो. पेपर फुटलेला होता. ओढून-ताणून चांगले निकाल दाखवणारा तक्ता काकांना दिला असता, तर गेल्या वर्षीपेक्षा मोठी चूक झाली असती.

आता पातळी काढतो ती मागच्या तीन हंगामांवरून, ५-४-३ अशा वजनांनी, सर्वात ताज्या हंगामाला पाच. बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक टॉम टँगो यांच्या मार्सेल या अंदाज काढण्याच्या पद्धतीतली ही वजनं. साधी पद्धत आहे, आणि तिच्याहून हुशार पद्धतींना तिला मागे टाकताना घाम फुटतो.

निकाल आता पहिल्या फेरीइतके देखणे नाहीत. पण जे आहेत त्यांवर विश्वास ठेवता येतो.

१० जानेवारी

आज फक्त दोन खेळाडू. माझ्या मते सगळा प्रकल्प यांच्यातच आहे.

सोटो, मे २०२५. सरासरी पडलेली, होमरन कमी. पण वॉक तसेच चालू, कारण डोळा शाबूत. झोनबाहेरचा (न मारता सोडला तर स्ट्राइक न ठरणारा) चेंडू तो तेव्हाही सोडतच होता. आणि जोर? बेसबॉलमध्ये ९५ मैल किंवा त्याहून जास्त वेगाने बॅटवरून निघालेल्या चेंडूला हार्ड-हिट म्हणतात. २०१५ पासून स्टॅटकास्ट या मोजमाप यंत्रणेमुळे प्रत्येक चेंडूचा हा वेग आणि उडण्याचा कोन नोंदला जातो. सोटोचं हार्ड-हिट प्रमाण त्या महिन्यातही लीगच्या वरच्या टोकाला होतं. बिघाड एका ठिकाणी दिसत होता: जोरात मारलेले चेंडू जमिनीवरून जात होते. जमिनीवरून १०५ मैलांनी गेलेला चेंडू थेट सेकंड बेसमनच्या हातमोज्यात गेला की स्कोअरकार्डवर दिसतं ४-३ (सेकंड बेसमनकडून फर्स्ट बेसमनकडे), एक आउट. तोच चेंडू थोडा वरच्या कोनात उचलला असता तर उजव्या कुंपणापलीकडे. वहिनी म्हणाल्या होत्या ते शब्दशः हेच.

आता उलटी गोष्ट, कब्जच्या पीट क्रो-आर्मस्ट्राँगची. जुलैतल्या ऑल-स्टार विश्रांतीपर्यंत २५ होमरन, २७ स्टोलन बेस. पोरगा उडत होता आणि सेंटर फील्डमध्ये त्याला बघणं हा तर आनंदच. माझा तक्ता त्याला आठवड्यामागून आठवडा वर ठेवत होता. हंगामअखेर हिशेब झाला ३१ होमरन आणि ३५ स्टोलन बेसचा, सरासरी .२४७. म्हणजे विश्रांतीनंतर फक्त सहा होमरन. आधी काही दिसत होतं का? दिसत होतं. झोनबाहेरच्या चेंडूंवर बॅट फिरवण्यात तो लीगमधल्या अगदी पुढच्या लोकांत होता आणि वॉक फारच कमी. पिचरांनी त्याला मारण्याजोगा चेंडू देणं थांबवलं की अशा बॅटरला तग धरायला जागा उरत नाही.

नव्या तक्त्यात दोघांच्या ओळी जूनच्या पहिल्या आठवड्याच्या तारखेने काढून बघितल्या. सोटोपुढे 'ठेवा', क्रो-आर्मस्ट्राँगपुढे 'भाव चांगला आहे तोवर देवाणघेवाण करा'. बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत बसलो.

१८ जानेवारी

एका रात्रीचा प्रश्न.

२५ जुलै २०२५, ह्यूस्टन. ॲथलेटिक्सचा निक कर्ट्झ सहापैकी सहा, चार होमरन, आठ आरबीआय. एका सामन्यात चार होमरन मारणारा पहिला नवोदित. बाकीच्या पंधरवड्यात कोणी ४४ पैकी ११, म्हणजे .२५० मारत असेल आणि अशी एक रात्र त्यात आली, तर पंधरवडा होतो ५० पैकी १७, .३४०. एका रात्रीने माणूस तळातून माथ्यावर. म्हणून आता तक्त्यात दुसरी ओळ दाखवतोय: सर्वात चांगला सामना काढून टाकला तर काय उरतं?

पण कर्ट्झचं काही वेगळंच होतं. तो खराच निघाला: ११७ सामन्यांत ३६ होमरन, सरासरी .२९०, अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित. माझ्या पद्धतीत नवोदिताला मागचे तीन हंगाम नसतात, म्हणून त्याची पातळी लीगच्या सरासरीवर धरली जाते आणि प्रत्येक कर्ट्झ मला उशिरा दिसणार. मायनर लीगचे आकडे जोडून थोडी सुधारणा झाली. पूर्ण इलाज नाही. नवोदितांच्या ओळींना वेगळा रंग दिलाय, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की इथे तक्त्याचा आवाज मुद्दाम खालचा आहे.

२५ जानेवारी

उलट टोकाचं प्रकरण राफाएल डेव्हर्सचं. २०२५ च्या पहिल्या पाच सामन्यांत १९ पैकी शून्य, १५ स्ट्राइकआउट. स्ट्राइकआउटचं शीत भरवशाचं म्हणून मी त्याला वजन दिलं, आणि तक्त्याने डेव्हर्सला लगेच सोडायला सांगितलं. त्याने त्या हंगामात ३५ होमरन मारले. मध्येच बॉस्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला गेल्यामुळे १६२ सामन्यांच्या हंगामात तो १६३ सामने खेळला, हे आपलं जाता जाता.

खांद्याच्या त्रासामुळे सराव कमी आणि थर्ड बेसवरून डेझिग्नेटेड हिटर (फक्त बॅटिंग करणारा), हे दोन्ही तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणून नियम केला: ६० प्लेट अपिअरन्स होईपर्यंत तक्ता कोणालाही 'सोडा' म्हणणार नाही. एप्रिलच्या पहिल्या दोन रविवारी त्या रकान्यात सगळीकडे रेघ दिसेल.

टॉर्पेडो बॅटचा (जाड भाग हँडलकडे सरकवलेल्या बॅटचा) गाजावाजाही तेव्हाचाच. २९ मार्चला यांकीजनी नऊ होमरन मारले, त्यातले पहिले तीन त्यांना पडलेल्या पहिल्या तीन चेंडूंवर. आमच्या लीगमध्ये त्या रात्री यांकीजचे बॅटर उचलायला रांग लागली. त्या दिवशी तीन होमरन मारणारा ॲरन जज मात्र आपल्या नेहमीच्याच बॅटने खेळत होता. 'काय बदललं' या रकान्यात लिहिण्याआधी तेवढं तपासून घ्यायचं.

मैदानांचा हिशेबही आज जोडला. कोलोरॅडोचं मैदान समुद्रसपाटीपासून जवळजवळ एक मैल उंच, तिथल्या सहा सामन्यांचा आठवडा जसाच्या तसा धरायचा नाही.

१ फेब्रुवारी

पिचर. इथे ईआरए म्हणजे बॅटरच्या सरासरीचा भाऊच, पंधरा दिवसांत त्याला काही अर्थ नाही. दोन-तीन स्टार्टमध्ये (पिचरने सुरुवात केलेल्या सामन्यांत) कोणाचंही काहीही होतं. आकड्यांचे अभ्यासक व्होरोस मॅक्क्रॅकन यांनी २००१ मध्येच दाखवून दिलं की मैदानात पडलेला चेंडू हिट होतो की नाही, यावर पिचरचा ताबा समजतो त्यापेक्षा खूप कमी असतो. त्याच्या हातात मुख्यतः स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन. एफआयपी हा आकडा मुख्यतः याच तिघांवरून बनतो, आणि ईआरएसारखाच तो कमी तितका चांगला.

स्पेन्सर स्ट्रायडरचा २०२३ चा हंगाम: ईआरए ३.८६, एफआयपी २.८५, २८१ स्ट्राइकआउट. एफआयपी बघणाऱ्याने त्याला २०२४ च्या ड्राफ्टमध्ये वर घेतलं असणार, मीही घेतलं होतं. दोन स्टार्टनंतर कोपर गेलं, शस्त्रक्रिया, हंगाम संपला. २०२५ मध्ये परतला तेव्हा फास्टबॉलचा वेग उतरलेला होता. ७ विजय, १४ पराभव, ईआरए ४.४५. म्हणून पिचरच्या ओळीत पहिला रकाना आता फास्टबॉलच्या वेगाचा. एका स्टार्टमध्ये शंभरएक चेंडू पडतात, त्यामुळे वेगाबद्दल एकच स्टार्ट पुष्कळ सांगून जातो.

ब्लेक स्नेलचा २०२४ चा हंगामही समोर ठेवून चाललो. पहिल्या सहा स्टार्टनंतर ईआरए ९.५१. करार झाला तोच मार्चच्या मध्यानंतर, स्प्रिंग ट्रेनिंग (हंगामापूर्वीचा सराव) हुकलेलं, मग दुखापती. जुलैत परतल्यावर १४ स्टार्टमध्ये १.२३, मध्ये २ ऑगस्टला सिनसिनाटीविरुद्ध नो-हिटर (एकही हिट न देता पूर्ण सामना). ९.५१ बघून सोडणाऱ्यांनी आकडा बघितला, कॅलेंडर बघितलं नाही.

८ फेब्रुवारी

सेव्हचा रकाना कौशल्यावर चालत नाही, नेमणुकीवर चालतो. गेल्या जुलैअखेर मेसन मिलर ॲथलेटिक्सहून पाड्रेसकडे गेला. हात तोच, १०० मैलांच्या वरचे चेंडू तेच. पण पाड्रेसकडे नववी, म्हणजे सेव्ह मिळवून देणारी शेवटची इनिंग रॉबर्ट सुआरेझकडे होती, त्यामुळे मिलरच्या सेव्ह आटल्या. योहान दुरान ट्विन्सहून फिलीजकडे गेला, त्याची नववी इनिंग शाबूत राहिली. प्रोग्राम इथे फक्त एवढंच करतो: प्रत्येक रिलीव्हर (मागाहून उतरणारा पिचर) शेवटच्या पाच सामन्यांत कुठल्या इनिंगमध्ये उतरला ते लिहितो. आठवीतून नववीत गेलेला दिसला की ओळ ठळक.

बॅटरसाठी तसंच बॅटिंग क्रमाचं. आठव्या क्रमांकावरून पहिल्यावर आलेल्याला हंगामभरात शंभराहून जास्त प्लेट अपिअरन्स अधिक मिळतात.

२२ फेब्रुवारी

काका आणि वहिनी दोघांनाही जेवायला बोलावलं होतं. लॅपटॉप न उघडता तक्ता छापून त्यांच्या हातात दिला.

काकांनी सोटोची मेमधली ओळ बोटाने वाचली. मी म्हणालो, "काका, गेल्या वर्षी तुम्ही सोटोला माझ्यामुळे सोडलं. तेव्हा हे असतं तर मी तुम्हाला थांबवलं असतं." ते म्हणाले, "अरे, सोडला मी. तुझ्या कागदाने नाही." मग चष्मा पुसून पुन्हा वाचायला लागले आणि दहा मिनिटांनी विचारलं, की हे ५ टक्के वजन त्यांच्या नातवाच्या क्रिकेटच्या सरासरीलाही लावायचं का. लावायचं, म्हणालो, त्याहूनही कमी.

वहिनींनी तक्रार केली. अक्षर बारीक आहे, आणि 'काय बदललं' हा रकाना सर्वात शेवटी, तोही दोन बोटांएवढा. "भाऊजी, लिहायला जागा कुठेय?" मग पर्समधून एक वही काढली. गेल्या हंगामातले मेट्सचे सामने, तारखेवार. सोटोच्या नावापुढे मेमध्ये चार-पाच ठिकाणी एकच शब्द: जोरात.

ती वही मी आठवड्यासाठी मागून घेतली आहे.

१५ मार्च

वहिनींच्या वहीतली एकेक 'जोरात' स्टॅटकास्टच्या चेंडूशी ताडून बघितली. त्यांनी लिहिलेला एकही चेंडू ९५ मैलांच्या खाली नव्हता.

तक्ता आडव्या पानावर नेला. अक्षर दोन घरं मोठं. 'काय बदललं' आता खेळाडूच्या नावाला लागून पहिलाच रकाना, पानाच्या एक तृतीयांश रुंदीचा, रिकामा. आकडे सगळे त्याच्या उजवीकडे. ड्राफ्ट पुढच्या शनिवारी, बारा प्रती उद्या छापायला टाकतो.